विचार तपासताना माणूस बघावा का? – इरावतीबाई, घुर्ये, एल्विन आणि इतर

रानजाई

मागच्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत कुणीतरी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांना "इरावती कर्वे म्हणजे कोकणस्थी चष्म्यातून महाराष्ट्र बघणारी बाई" असं एका ओळीत उरकलं. त्यावर लगेच दुसऱ्याचं उत्तर, "विद्वानाची जात काढू नका, मुद्द्यावर बोला." दोघांनाही भरपूर +१ मिळाले. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटली, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. समाजशास्त्रज्ञाला प्रश्न त्याच्या आयुष्यातून मिळतात. काय दिसणार नाही, हेही बरंचसं तिथेच ठरतं. उत्तर बरोबर की चूक, ते मात्र पुराव्यावरच ठरवावं लागतं. इरावतीबाईंच्या बाबतीत हे फार स्वच्छ दिसतं.

बाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या नदीचं नाव मुलीला मिळालं. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात रवानगी. मग रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या, कारण शकुंतला परांजपे वर्गमैत्रीण. ते घर उघड नास्तिक. म्हणजे जन्म कोकणस्थ घरातला, पण वाढ त्या घरांच्या नेहमीच्या चाकोरीबाहेर. पुढे सासर मिळालं धोंडो केशव कर्व्यांचं. १८९३ साली विधवेशी लग्न करून गावचा बहिष्कार सोसलेला हा माणूस, सगळं आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिलेला. आणि सुनेनं शिकायला जर्मनीला जायचं म्हटल्यावर विरोध कुणाचा? त्यांचाच! नवरा, दिनकर, पाठीशी उभा राहिला म्हणून बाई १९२८ साली बर्लिनला जाऊ शकल्या. सासऱ्यांवर त्यांनी नंतर लिहिलं, त्यात आदर आहे आणि चिमटाही आहे: या माणसाची सून झाले हे भाग्य, बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं.

सुधारकाचं घर आतून पाहिलेली ही बाई. मोठ्या माणसाच्या मोठ्या कामाचा खर्च घरातलं कोण भरतं, हे तिला ठाऊक होतं. आता १९५३ चा त्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ घ्या. वंश, वारसा, कोण कुणाला काय म्हणतो याचे तक्ते त्यात आहेत, ढिगानं आहेत, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आणतात. पण त्या तक्त्यांच्या मधोमध उभी आहे नवी सून. उत्तरेत मुलगी लग्न होऊन अनोळखी गावात, अनोळखी माणसांत जाते. माहेरची लेक आणि सासरची सून ही जणू दोन वेगळी माणसं. माहेरी मोकळी, सासरी घुंघटात. दक्षिणेत आत्याच सासू असते किंवा मामाच नवरा. घर बदललं तरी माणसं ओळखीची. महाराष्ट्र या दोन्हींच्या सीमेवर. हा फरक वारसाहक्काच्या कागदांत सापडत नाही. तो सापडतो ओव्यांत, लोकगीतांत, महाभारतात, आणि बाईंनी तिथूनच पुरावे उचलले. पुरुष अभ्यासकाला हे दिसलंच नसतं असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न ग्रंथाच्या मध्यभागी ठेवावा असं तिला वाटलं, आणि ते का वाटलं याचं उत्तर तिच्या आयुष्यात आहे.

आता उलट बाजू. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हा वंशशास्त्राचा बडा माणूस, पुढे १९३३ साली नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याची कल्पना अशी की कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक गोऱ्यांमध्ये जास्त असणार, आणि त्याचा संबंध बुद्धीशी असणार. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं: असा वंशागणिक फरक दिसत नाही. १९३० साली त्यावरच पदवी मिळवली. परदेशी, तरुण, एकटी बाई, आणि समोर असा मार्गदर्शक! मला याचं फार कौतुक आहे.

पण मोजपट्टी त्यांनी खाली ठेवली का? नाही ठेवली. पुण्याला परतल्यावर, डेक्कन कॉलेजात १९३९ पासून, पुढची तीस वर्षं त्या जातीजातींची डोकी, नाकं, उंच्या मोजत राहिल्या. गुरूचं उत्तर नाकारलं, पण गुरूचा प्रश्न आणि अवजारं घरी घेऊन आल्या. "कोकणस्थी चष्मा" म्हणणाऱ्यांनी हे बघितलं असतं तर त्यांच्या हाती काही तरी ठोस लागलं असतं.

बोला.

खवचट

लुनावरून कॉलेजला जाणाऱ्या आमच्या मास्तरीणबाईंना सगळं गाव वळून बघायचं. इरावतीबाई त्याच्या किती आधी पुण्यात स्कूटर फिरवायच्या म्हणे. मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, नवऱ्याला नावानं हाक. आणि यांना "कोकणस्थी चष्मा"? पेठेतल्या तेव्हाच्या कोकणस्थांना विचारलं असतं तर त्यांनी चष्मा परत मागितला असता.

नदीकाठ (बर्लिन)

फिशरची संस्था दाह्लेममध्ये, ईहनेश्ट्रासे २२. इमारत अजून उभी आहे, आता विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग तिथे भरतो. दारापाशी १९८८ साली लावलेली पाटी आहे: या वास्तूत काय संशोधन झालं आणि त्याचा नाझी गुन्ह्यांशी संबंध काय. २०१४ मध्ये शेजारी खोदकाम करताना माणसांची हाडं सापडली, त्यावर इथे बरीच वर्षं वाद चालू होता.

रानजाईंच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड. बाईंनी मोजलेल्या कवट्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. वसाहतीतून आलेली एक मुलगी दुसऱ्या वसाहतीतल्या मेलेल्यांची डोकी मोजतेय. तिनं त्याबद्दल काय लिहिलं? माझ्या वाचनात तरी कुठे अस्वस्थता आली नाही. तेव्हा ते सगळ्यांना "साहित्य" वाटायचं, आणि तिलाही तसंच वाटलं असणार. निष्कर्षात धाडस आहे, पण कवटी कुठून आली हा प्रश्न त्या धाडसाच्या टप्प्यातच आला नाही.

गणिती

सगळ्यांचं आवडीनं वाचलं, पण हे सगळं मागून जोडलेलं आहे. निकाल माहीत असला की आयुष्यातून कारणं काढता येतात. धागाकर्तीनं सुनेचा मुद्दा सासऱ्यांशी जोडला. उद्या बाईंनी नात्यांऐवजी पिकांवर लिहिलं असतं तर "वडील कापसाच्या कंपनीत होते ना!" म्हणून तेही जुळवलं असतं.

कसोटी लावायची तर अशी लावा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख गो. स. घुर्ये, त्यांचे विद्यार्थी इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि अक्षय देसाई. एकच गुरू, एकच विभाग, काळही जवळजवळ एकच. तिघेही वरच्या थरातल्या घरांतले. आणि निघालं काय? बाई नाती आणि मोजमापात. श्रीनिवास एका गावात जाऊन बसले. देसाई तर मार्क्सवादी. १९४८ साली भारतीय राष्ट्रवादाची मुळं त्यांनी ब्रिटिश काळातल्या आर्थिक बदलात शोधली, आणि ती शोधली घुर्यांकडेच केलेल्या प्रबंधात. घुर्ये आणि मार्क्स म्हणजे विळा-भोपळा. तर मग आयुष्यानं नक्की काय ठरवलं?

दुसरं, प्रबंधात चूक असेल तर ती मोजमापात सापडेल, तर्कात सापडेल. चरित्रात नाही. चरित्र वाचायला मजा येते एवढंच.

मालवणी मसाला

@गणिती, घुर्ये आमच्या मालवणचे (१८९३), म्हणून गप्प बसवत नाही. आधी तुमच्याच बाजूचा पुरावा देतो, मग उलटा.

घुर्ये संस्कृतचे पंडित. केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सकडे शिकले, तो १९२२ ला अचानक वारला म्हणून तिथल्याच हॅडनकडे पुरं केलं. परत येऊन १९२४ पासून मुंबईचा विभाग ३५ वर्षं चालवला. स्वतः गावोगाव हिंडणारे नव्हेत. विद्यार्थ्यांना हिंडायला पाठवायचे, आपण ग्रंथ घेऊन बसायचे. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याची नाकं मोजण्याची थिअरी रिस्लेच्याच आकड्यांनी उलटवली. नाकाची रुंदी आणि जातीचा दर्जा यांचा मेळ उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यापलीकडे बसत नाही, असं दाखवलं. हे शुद्ध मोजमापाचं काम. सारस्वत घरात जन्मले की मालवणात, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. इथपर्यंत तुमचं खरं.

आता १९४३ कडे या. घुर्ये लिहितात की ज्यांना "आदिम" म्हणतात ते खरे मागासलेले हिंदू, त्यांना वेगळं ठेवणं चूक. त्यांच्या निशाण्यावर कोण? व्हेरियर एल्विन. हा ऑक्सफर्डचा, बिशपचा मुलगा. १९२७ ला पाद्री म्हणून पुण्यात ख्रिस्त सेवा संघात आला, गांधींच्या नादी लागला, १९३२ पासून मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिला, चर्चही सोडलं. १९४० ला कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं. बैगा आदिवासींवरच्या १९३९ च्या पुस्तकात त्याची सूचना अशी की त्यांच्यासाठी राखीव मुलूख असावा, बाहेरच्यांना आत मोकळीक नको. आदिवासींत काम करणाऱ्या गांधीवादी ठक्करबाप्पांपासून सगळे तुटून पडले: माणसांना संग्रहालयात ठेवतो म्हणून.

दोघांपुढे तीच माणसं, तेच सावकार, तेच जंगलखातं. जमिनी जाताहेत हे दोघांनाही दिसतं. एकाला त्यावर उपाय दिसतो मिसळून घेणं, दुसऱ्याला कुंपण. पुराव्यानं हे मिटणारं भांडण नव्हतं, कारण मुळात भांडण होतं कशाचं भय वाटतं यावर. घुर्ये संस्कृत ग्रंथांतून आलेला राष्ट्रवादी, फाळणीच्या तोंडावर लिहिणारा. त्याला समाज फुटण्याची धास्ती. एल्विन आपलाच धर्म आणि आपलाच देश सोडून आलेला. सुधारायला येणाऱ्या माणसाचंच त्याला भय, कारण तो स्वतः तसाच आला होता! गणितीसाहेब, ही भीती आकड्यांत शोधून दाखवा.

(एल्विननं कोसीला कसं वागवलं, यावर खूप लिहून झालंय. ते लग्न १९४९ ला मोडलं. गोंडांच्या कैवाऱ्यावरचा तो डाग मला पुसता येत नाही.)

भाकरतुकडा

मी समाजशास्त्राची नाही, शिक्षिका होते, आता निवृत्त. सातारा जिल्हा. रानजाईंनी लिहिलंय ना की महाराष्ट्र दोन्हींच्या सीमेवर, ते आमच्या घरातच बघा. माझ्या आईला आत्याच्याच घरी दिलेली. सासू म्हणजे आत्या. आजी म्हणायची, निदान भांडताना तरी ओळखीचं माणूस असतं. आमच्यात मामाची मुलगी करतात, पण आत्याची मुलगी करत नाहीत, एकाच दिशेनं चालतं. इरावतीबाईंनी हे बरोबर लिहिलंय. कोकणस्थ ब्राह्मणांत तर दोन्ही चालत नाही, म्हणजे हे त्यांच्या घरातलं नव्हे. तरी कळलं. विचारलं असणार बायकांना बसून. तेवढंच म्हणायचं होतं.

रानजाई

@भाकरतुकडा, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा बरा आहे. :)

@गणिती, तुमचा देसाईंचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. गुरू एक म्हणजे आयुष्य एक नव्हे. देसाई बडोदा संस्थानातल्या नोकरदाराचे आणि नामांकित गुजराती कादंबरीकाराचे चिरंजीव, लहान वयात विद्यार्थी चळवळीत शिरलेले. बाईंनी तर खुद्द घुर्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. जाती एका मोठ्या गटातून फुटत फुटत झाल्या, असं घुर्यांचं साधारण म्हणणं. बाई म्हणतात, नाही, मुळात वेगवेगळे असलेले गट शेजारी येऊन बसले. त्यासाठी १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची मोजमापं मांडली: एकच दर्जा, एकच "ब्राह्मण" नाव, तरी शरीरं एका गोतातली वाटत नाहीत. गंमत म्हणजे घुर्यांचा पाडाव करायला हत्यार फिशरच्या शाळेतलं.

निळी_पहाट

इतकं वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकली. इथे ज्यांची आयुष्यं काढली ते सगळे असे, की त्यांचं आयुष्य शोधायला चरित्र वाचावं लागतं. आमच्याकडे ते काम आडनाव करतं. मी जातीवर लेख लिहिला की पहिली दाद "अनुभवातून आलंय", आणि पहिली टीकाही "अनुभवातून आलंय, म्हणजे सिद्धान्त नाही." राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी २००२ मध्ये हेच मांडलं होतं: सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र, अशी आपल्या समाजविज्ञानात वाटणी आहे.

म्हणून बाबासाहेबांचा पहिला निबंध आठवा. ९ मे १९१६, कोलंबिया विद्यापीठ, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझरांचा वर्ग. वय २५. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी. हाच मुलगा लहानपणी मसूर स्टेशनावर भावाबरोबर वडिलांच्या माणसाची वाट बघत बसला होता आणि जात कळल्यावर कुणी गाडी द्यायला तयार नव्हतं. मग निबंधात ते आलं असेल? एक अक्षर नाही. अस्पृश्यतेवरही जवळजवळ नाहीच. सगळा निबंध बायकांवर आहे! जात टिकते ती जातीतच लग्न करण्यानं. मग नवरा मेला की बाई "जास्तीची" ठरते, तिचं करायचं काय? जाळा, नाहीतर विधवा म्हणून डांबा. आणि बायको मेलेला पुरुष? त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न पोचलेली मुलगी. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही एकाच हिशोबाचे तुकडे. गणितीसाहेबांना आवडेल इतका कोरडा हिशोब.

ज्यानं सगळ्यात जास्त सोसलं त्यानं सगळ्यात थंड डोक्यानं लिहिलं. आयुष्य निबंधात नाही असं याला म्हणायचं का? मी म्हणते, आहे. त्या वर्गात "माझ्यावर असं झालं" म्हटलं असतं तर साक्षीदार ठरला असता. त्याला साक्षीदार व्हायचं नव्हतं.

आणि पुढचं बघा, हे कुणी आणलं नाही म्हणून लिहिते. त्याच निबंधात तो म्हणतो की ब्राह्मणांनी आधी दार लावून घेतलं, बाकीच्यांनी नक्कल केली, आणि काहींना बाहेरून दार बंद सापडलं. नक्कल! १९५२ मध्ये श्रीनिवासांनी कर्नाटकातल्या कूर्ग लोकांवरच्या पुस्तकात "संस्कृतीकरण" मांडलं, तेही वरच्यांच्या नकलेबद्दलच. एकच गोष्ट दोघांनी पाहिली. श्रीनिवासांना त्यात शिडी दिसली: खालची जात मांस-दारू सोडते, जानवं घालते, दोन पिढ्यांत वर सरकते. बाबासाहेबांना दिसलं की ज्याची नक्कल होते तेच मुळात कुंपण आहे, म्हणजे नकलेनं कुंपणंच वाढणार. शिडी कुणाला दिसते आणि बंद दार कुणाला, हे कोण कुठे उभा आहे त्यावर नाही तर कशावर?

खवचट

आज जोक सुचत नाही. +१.

आडवाट

निळी_पहाट, शेवटचा परिच्छेद जपून ठेवला. पण श्रीनिवासांच्या बाजूनं एक सांगतो, कारण आपण कुठे उभे आहोत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि तेही कुणी न विचारता.

१९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. त्याला त्यांनी रामपुरा नाव दिलं. टिपणं करून ठेवली. १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधन केंद्रात कुणीतरी आग लावली आणि त्या टिपणांच्या पक्क्या केलेल्या सगळ्या प्रती जळाल्या. मग नुसत्या आठवणीवर पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं. टिपणं असती तर हे पुस्तक झालंच नसतं, तक्ते झाले असते. आठवणीतून लिहिल्यामुळे लिहिणारा माणूस लपू शकला नाही.

त्यात ते सांगतात की गावच्या मुखियानं त्यांना बैलांच्या घरात जागा दिली. ते ब्राह्मण, म्हणून गावाची अपेक्षा की त्यांनी ब्राह्मणासारखं वागावं. एकदा आंघोळीनंतर दाढी केली तर मुखियानं झापलं: ब्राह्मण आधी दाढी करतो, मग आंघोळ. ऑक्सफर्डहून आलेला हा माणूस सोवळंओवळं सोडून बसलेला, आणि शेतकरी जातीचा मुखिया त्याला सोवळं शिकवतोय! त्या गावात त्यांना मोकळेपणानं जाता आलं ते मुखियाच्या ओटीवर आणि त्याच्या बरोबरीच्या घरांत. दलित वस्तीत सहज उठबस झाली नाही, मुसलमानांकडेही बेताचीच. हे ते कबूल करतात. आता त्या ओटीवरून शिडी दिसणार की दार, ते सांगायला नको.

गणिती म्हणतात तसं हे मागून जोडलेलं नाही. लेखकानंच जोडून दिलंय.

गणिती

@आडवाट, हे मान्य. अभ्यासक कुठे बसून बघत होता ते माहीत असणं हा पद्धतीचाच भाग झाला, जसं यंत्र कुठे लावलं होतं ते नोंदवतात. त्याला मी "आयुष्य" म्हणणार नाही, पण ठीक. बालपण, आई-बाप, सासरे इथे मात्र मी अजून अडून आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ लाखोंनी पाहिला, अमर्त्य सेन एकच झाला.

तिरकस

सेनचं नाव काढलंच आहे तर, गणिती, तुमचंच उदाहरण नीट बघा. सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, शांतिनिकेतनात. रस्त्यावरून उपाशी माणसं चालली होती आणि त्याच्या ओळखीच्या मध्यमवर्गीय घरांत कुणाचं ताट रिकामं नव्हतं. पुढच्याच वर्षी ढाक्यात, दंगलीत भोसकलेला कादर मियाँ नावाचा मजूर त्याच्या घराच्या फाटकात येऊन कोसळला. बायको नको म्हणत असताना तो हिंदू वस्तीत कामाला आला होता, कारण घरात खायला नव्हतं. दवाखान्यात दगावला.

१९८१ च्या पुस्तकात सेन काय सांगतो? धान्य कमी पडलं म्हणून दुष्काळ, हे नेहमीचं उत्तर बंगालला लागू पडत नाही. धान्य होतं. भाव चढले, मजुरी चढली नाही. शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायची ताकद उरली नाही. त्यासाठी त्याला पिकांचे, भावांचे, मजुरीचे आकडे बघावे लागले, आणि इतरांनी तेच आकडे घेऊन त्याच्याशी भांडणही मांडलं. ते भांडण चरित्रानं सुटत नाही, बरोबर. पण "धान्य किती" ऐवजी "कुणाकडे नव्हतं" असं विचारायचं डोक्यात का आलं? लाखोंनी पाहिलं खरं, पण त्यातल्या कितींना पुढे अर्थशास्त्र शिकायला मिळालं? जे खरोखर उपाशी होते त्यांना तर नाहीच. निळी_पहाट यांच्या मुद्द्याकडेच आलो की परत.

आणखी एक, कारण हे आपल्याकडे आत्ता घडतंय. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू. बेआर्न प्रांतातल्या खेड्यातला, वडील पोस्टात. पॅरिसच्या सगळ्यात मानाच्या कॉलेजात पोचला, तिथे बोलण्याच्या हेलावरून लोकांना कळायचं कुठला आहे ते. अल्जीरियात सैन्यात गेला, तिथेच शेतकऱ्यांचा अभ्यास सुरू केला. परत आल्यावर तीच नजर स्वतःच्या मुलखावर वळवली. १९६२ मध्ये लिहिलं ते नाताळच्या नाचावर. गावातले तिशी-पस्तिशीचे लोक भिंतीला टेकून उभे, नाचत नाहीत. हे कोण? शेतीचे वारस, थोरले मुलगे. कालपर्यंत ज्यांच्याशी लग्न करायला मुली रांगेत होत्या ते आता बिनलग्नाचे, कारण मुलींना शहर हवं. त्यांचं चालणं, उभं राहणं, कपडे, सगळंच "शेतकरी" दिसतं आणि त्यांना स्वतःलाही ते कळतं. शरीरात मुरलेल्या सवयींचा त्याचा जो पुढचा सगळा सिद्धान्त, त्याचा एक पाय या नाचात आहे. त्यातले काही जण त्याच्या शाळेतले सोबती.

आता आपल्याकडे बघा. दहा एकर बागायत आहे, पण मुलगी मिळत नाही, "नोकरीवाला पाहिजे". लग्नाळू पोरांनी मोर्चे काढले, त्यावर हास्याचे कार्यक्रम झाले. याच्यावर कोण लिहिणार? शहरातून सर्वे करायला गेलेला की ज्याचा भाऊ घरी बसलाय तो?

मालवणी मसाला

दोघांनी लिहावं. भाऊ घरी बसलाय तो मुलीच्या बाजूनं लिहिणार नाही, ही माझी पैज. तिला शेणात हात का घालायचा नाही हे त्याला "पोरी माजल्यात" इतकंच दिसेल.

निळी_पहाट

@मालवणी मसाला, हा बरा टोला आहे, आणि तो मलाही लागू. आतलं असणं म्हणजे सगळं दिसणं नव्हे. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांचं २०१२ चं पुस्तक याच वादावर आहे: अनुभव नसलेल्यानं त्यावर सिद्धान्त उभारायचा नैतिक हक्क कुठून आणायचा, असं गुरू विचारतात, आणि सरुक्काई तत्त्वज्ञानाच्या अंगानं तो प्रश्नच उलटसुलट करून बघतात. मी बहुतेक ठिकाणी गुरूंच्या बाजूनं आहे. पण आमच्याच वस्तीतल्या बायकांबद्दल आमच्या पुरुषांनी लिहिलेलं वाचते तेव्हा डळमळते.

म्हणून इरावतीबाईंच्या वारीच्या लेखाबद्दल रानजाई काय म्हणतात ते ऐकायचंय. तिथे तर त्या सगळ्या अर्थानं बाहेरच्या.

रानजाई

तो लेख मला आवडतो आणि खटकतोही. बाई दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. दिंड्या जातवार, ब्राह्मणांची वेगळी, मराठ्यांची वेगळी, जेवणं वेगळी. गळ्यात एकच अभंग आणि ताटं वेगळी, हे त्यांना सलतं. त्या मराठा बायकांबरोबर जेवायला बसतात, आणि मग त्या बायका त्यांच्याशी मोकळं बोलायला लागतात, हे नोंदवतात. पंढरपूरला ज्याचे लोक जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या त्याच लेखातली, नंतर सगळ्यांनी हारासारखी मिरवली.

आवडतं कारण ताटाची गोष्ट त्यांनी लपवली नाही. खटकतं कारण ज्या व्याख्येला त्या शेवटी पोचल्या त्यात ते ताट गडप होतं. आणि वारीला न जाणारा महाराष्ट्र? दीक्षाभूमीला जाणारा? मुसलमान, ख्रिस्ती, डोंगरातले आदिवासी? नास्तिक घरात वाढलेली बाई भक्तीच्या गर्दीत पहिल्यांदा आपल्या लोकांना सापडते, आणि त्या भरात सीमा आखून टाकते. असं मला वाटतं. गणिती म्हणतील, मागून जोडलंस.

गणिती

म्हणणारच होतो. पण ताटाचा पुरावा त्याच लेखात असताना व्याख्या त्याला धरून नाही, ही चूक मला चरित्र न वाचताही सापडली असती.

रानजाई

सापडली असती. का झाली, ते नसतं सापडलं.

भाकरतुकडा

वारीत मी वीसेक वर्षं जाते आहे. जेवणाचं आता बरंच बदललंय, सगळं नाही. दिंडीच्या मागे-पुढे कोण चालतं ते अजून ठरलेलं आहे. बाईंचा तो लेख कुठे मिळेल? आणि नात्यांवरचं पुस्तक मराठीत आहे का? इंग्रजी मला जड जातं.

आडवाट

ते मोठं पुस्तक इंग्रजीतलं. ताई, तुम्ही त्यांचे ललित लेख आधी घ्या, ते मुळातच मराठीत आहेत: परिपूर्ती, भोवरा, गंगाजल. कुठल्याही बऱ्या तालुका वाचनालयात असतात. आणि ते एकाच दिशेनं चालणारं मामाच्या मुलीचं, तुमच्या आजीचं वाक्य धरून, इथे वेगळा धागा काढा. आम्ही वाचायला आहोत.